गुरुवारची मालिका आणि शेजारचं घर

परवा फोनवर तुम्ही तिघांनी मला तुमचा नवा खेळ सांगितलात. जुन्या इंग्रजी रहस्यकथेवर तिकडे नवी मालिका आली आहे, प्रत्येक भाग संपला की तुम्ही आपापला खुनी ठरवता आणि शेवटी कोण जिंकलं ते बघता. आजीने मूळ पुस्तक वाचलेलं, म्हणून आजीलाही खेळात घ्यायचं होतं. मी नको म्हटलं आणि तिथे थंडी किती पडली ते विचारलं. धाकटी रुसली, तिच्या आवाजावरून कळलंच. माझं कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून पाठवते आहे. क्रमाने लिहिते. क्रम सोडला की ही हकिकत भलतीच होऊन बसते, आणि आमच्या कॉलनीत ती तशी झालीच.

ऐंशीनंतरची वर्षं. नागपूरच्या प्रताप नगरात तेव्हा अर्धे प्लॉट रिकामे होते. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला, ब्लॅक अँड व्हाईट, लाकडी शटरचा. तुमच्या आजोबांनी तो हॉलच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्या दिवसापासून हॉल आमचा राहिला नाही. गुरुवारी संध्याकाळी तर फाटकापासून चपलांची रास लागायची. पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर पुरुष, स्वयंपाकघराच्या दाराशी बायका.

गुरुवारी एक हिंदी मालिका लागायची. एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरून केलेली. ती कादंबरी मी कॉलेजात असताना वसतिगृहाच्या खाटेवर एका बैठकीत वाचली होती, त्यामुळे ती इकडे आणताना त्यांनी काय काय केलंय हे बघण्यात मला फार गंमत वाटायची. तिथलं धुकं इथे शेकोटीचा धूर झालं होतं. उमरावाचा बंगला जमीनदाराची हवेली झाला होता. पुस्तकातला म्हातारा गुप्तहेर छत्री घेऊन फिरतो, इथे तो निवृत्त पोलीस साहेब होता आणि पानाचा डबा बाळगायचा. उमरावाला चहातून विष देतात, जमीनदाराला केशराच्या दुधातून दिलं. पुस्तकात खुनी निघतो तो घरचा वकील, जुना, विश्वासाचा. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाई, सांगून द्या ना एकदाचं," समोरच्या घरातल्या काकू म्हणायच्या. "जीव टांगून राहते आठवडाभर."

मी सांगत नसे.

आमच्या डाव्या हाताच्या घरात एक तरुण जोडपं राहायचं, त्यांना एक मुलगी, शाळेत नुकती जायला लागलेली. तो बँकेत होता. गाव नरखेड तालुक्यातलं, घरची संत्र्याची बाग, बाग मोठा भाऊ बघायचा. ती नागपूरचीच, महाल भागातली. तो फार हसरा, नकला करण्यात पटाईत. मालिका सुरू व्हायच्या आधी तो जमीनदारासारखा मिशीला पीळ देऊन दाखवायचा आणि पोरं लोळायची. मला तो बाई म्हणे, कारण मी शिकवायचे. तिने मात्र पहिल्यापासून काकू म्हटलं.

त्याची आई महिन्यातून एकदा गावाहून एसटीने यायची. संत्र्यांच्या दिवसांत टोपलीभर संत्री, एरवी तूर, हरभरा, आणि नेहमी घाण्यावरचं जवसाचं तेल. हे तेल तो कच्चंच खायचा. पिठलं-भाकर वाढली की पिठल्यात खड्डा करून त्यात तेल ओतायचा. आमच्याकडे बऱ्याच घरांत अशी रीत आहे, पण जवसाच्या तेलाला एक उग्र वास असतो, जरा कडसरपणा असतो, तो लहानपणापासून जिभेवर नसला तर खाववत नाही. ती आणि मुलगी त्याला हात लावत नसत.

हे तेल आणायची एक अडचण होती. म्हातारी ते डब्यातून आणायची आणि एसटीच्या धक्क्यांनी झाकण सैल होऊन ते सांडायचं. सुनेने इतवारीतून स्टीलचा कडीचा डबा आणून दिला, तोही गळला. एकदा म्हातारीचं लुगडं पार तेलकट होऊन आलं. तो अंगणात उभा राहून हसत होता, मी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होते.

"माय, अर्धं तेल तर येष्टीच पिऊन राहिली," तो म्हणाला. "तिच्याकडून पैसे घेत जाय."

"हास गा, हास," म्हातारी म्हणाली. "आता अशी वस्तू पाहतो का एक थेंब नाही सांडनार."

त्या थंडीत, संत्री उतरायला लागली तेव्हा, ती एका गुरुवारी सकाळी आली, टोपली ठेवली, तेल ठेवलं, नातीला जवळ घेतलं आणि दुपारच्या गाडीने परत गेली. बागेत तोडणीवर माणसं लावलेली होती, तिला राहता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी तो लवकर जेवून मालिकेला आला. बायको आणि मुलगीही जेवूनच आल्या. त्या दिवशीच्या भागात जमीनदार दूध पितो. पडद्यावर त्याने पेला ठेवला, छातीवर हात ठेवला, आणि त्याच वेळी मागच्या खुर्चीवर आमचा शेजारी खोकायला लागला. मी वळून पाहिलं. त्याचा चेहरा घामाने निथळत होता. थंडीत. तोंडातून लाळ गळत होती आणि हात असे थरथरत होते की खुर्ची वाजत होती.

पोरं हसली. मोठी माणसंही हसली.

"पुरे कर गा नाटक," कुणीतरी म्हणालं, "आवाज ऐकू नाही येऊन राहिला."

मग तो खुर्चीवरून खाली सतरंजीवर पडला, मुलांच्या मध्ये. तुमच्या आजोबांनी त्याला उचललं, समोरच्यांच्या गाडीत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. बायको तशीच अनवाणी गेली. मुलगी माझ्याकडे राहिली. टीव्ही चालूच होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. तो घरी परत आला नाही.

डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं की पोटात फवारणीचं औषध गेलंय, शेतात मारतात ते. हवालदार घरी आला. मी तिच्याजवळ बसले होते. काय वाढलं होतं, त्याने विचारलं. पिठलं, भाकर, कांदा, ती म्हणाली. तुम्ही काय खाल्लं? तेच. मुलीनं? तेच. त्याने तीनही वेळा तिच्याकडे मान वर करून पाहिलं. घरात बागेचं औषध आहे का, त्याने विचारलं. ती म्हणाली, नाही, आम्ही इथे कुंडीतसुद्धा काही लावलेलं नाही.

तिने तेल सांगितलं नाही. लपवलं असं नाही. मीठ कुणी सांगतं का? कच्चं तेल हे आपल्याकडे वाढलेल्या पदार्थांत धरतच नाहीत. माझ्याही डोक्यात आलं नाही.

पण कॉलनीच्या डोक्यात बाकी सगळं आलं. मालिकेतल्या साहेबाने त्यांना शिकवलंच होतं: कोणी वाढलं, कोण कोण जेवलं, कोणाला काही झालं नाही. एकाच परातीतलं तिघांनी खाल्लं आणि दोघी ठणठणीत. नवरा आईकडे फार ओढला जायचा, तिला ते सहन होत नव्हतं, असंही कोणी सांगू लागलं. माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच चहाचे कप हातात धरून.

"आपण तोंडाला लावणार नाही ते नवऱ्याच्या ताटात," समोरच्या काकू म्हणाल्या, आणि मग घाईने, "मी आपली टीव्हीतलं सांगून राहिली हो."

तेरावं होऊन पुढचे काही दिवसही म्हातारी आणि मोठा भाऊ इथेच होते. म्हातारी भिंतीला टेकून बसायची, कुणाशी बोलायची नाही. भाऊ बाहेर पायरीवर बसायचा आणि जाणारे-येणारे त्याच्याशी बोलायचे. काय बोलत असतील ते मला त्याच्या मानेवरून कळायचं. एक दिवस तो आत येऊन भावजयीसमोर उभा राहिला. धाकट्या भावाची बायको म्हणून तिच्याशी तो आजवर थेट बोललाही नव्हता.

"पोरगी आमच्या घरची हाय," तो म्हणाला. "ते आमच्याकडं राहीन. तुम्ही तुमच्या मायकडं जा."

 मुलीला तिने मांडीवर अशी दाबून धरली की मुलगी कळवळली.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. टीव्ही लावू नये असं मला वाटत होतं. आजोबा म्हणाले, नाही लावला तर आपल्याला काहीतरी ठाऊक आहे असं म्हणतील. तर लावला. नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. मोठा भाऊ आत आला नाही, दुःखाचं घर त्याचं, पण तो व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिला. साहेबाने हवेलीच्या बैठकीत सगळ्यांना बोलावलं, पानाचा डबा उघडला, आणि एकेकाकडे वळत वळत शेवटी थांबला तो वकिलासमोर नाही. जमीनदाराच्या बायकोसमोर थांबला. त्यांनी शेवट बदलला होता. बायको रडत रडत कबूल झाली.

 मी म्हटलं, "मूळ पुस्तकात हे असं नाही. वकील असतो तो. बायकोचा काही संबंध नसतो."

"असं कसं, बाई," समोरच्या काकू म्हणाल्या. "एवढा पैसा घालून ते चुकीचं दाखवतील?"

खिडकीतला माणूस निघून गेला होता. रात्री त्याने सांगितलं की रविवारच्या गाडीने मुलगी गावाला जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. ती स्वयंपाकघरात मुलीचे कपडे घडी करत होती. म्हातारी चुलीसमोर बसावं तशी गॅसच्या ओट्यासमोर जमिनीवर बसली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आजी, चहा घेतला का?"

 इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली ती वेगळंच.

"त्या दिवशी त्याले बोलावता नाही आलं मले," ती म्हणाली. "बँकेतून याचा होता तो. थांबली असती तर हातानं वाढलं असतं. तेल पाहून खूश झाला असता. एक थेंब सांडला नव्हता, बाई. किती हासत होता मले."

"हो का," मी म्हटलं.

"मस्त बाटली भेटली होती. चांदीवानी. तिचं झाकन असं घट्ट का माह्याच्यानं उघडे नाही. राखेनं घासली, ऊन पान्यानं धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली. मंग भरली."

"कसली बाटली होती, आजी?"

"तेच ते. संत्र्यावर मारते ते औषध येते ना तिच्यात. रिकाम्या किती पडून राहते बांधावर. वाया जाते."

कपड्यांची घडी होत होती ती थांबली. सुनेने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघींची नजर एकदमच वर गेली. फळीवर, मिठाच्या बरणीच्या मागे, ॲल्युमिनियमची ती बाटली होती. झाकण घट्ट लावलेलं. म्हातारी जमिनीकडे बघत होती, राखेने बाटली कशी आतून घासायची ते बोट फिरवून दाखवत होती.

सुनेने माझं मनगट धरलं आणि मला मागच्या अंगणात नेलं.

"काकू, तिले नका सांगू."

"अगं, तुझ्यावर आळ आहे. मुलगी जातेय तुझी."

"मी काय करू, तिले जाऊन सांगू का तूच मारलं? मरून जाईन ते म्हातारी. ह्यांचा जीव होता तिच्यावर." तिचा आवाज अगदी खाली होता. "मी नेईन बाटली ठाण्यात कधीतरी. नंतर. आत्याबाई गेल्यावर. आत्ता नाही."

मी तिच्याशी वाद घातला, बराच. ती ऐकेना. घरात जाऊन तिने बाटली फळीवरून काढली, जुन्या पातळात गुंडाळली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हातारीने विचारलंही नाही.

रविवारी सकाळी भाऊ रिक्षा घेऊन आला. मी मुलीला निरोप द्यायला फाटकाशी होते. मुलगी नवा फ्रॉक घालून म्हातारीच्या मांडीवर बसली होती, आईकडे बघत नव्हती, कारण आईकडे पाहिलं की रडू येत होतं. म्हातारी तिची समजूत काढत होती.

"रडू नको वं माही बाई. तिकडं झोका बांधून देतो. बागेत खेळजो. काकवी आवडते ना तुले? भरून ठेवली हाय तुह्यासाठी. तुह्या बाबाच्या तेलासारखीच, घट्ट झाकनाच्या बाटलीत. चार बाटल्या घासून ठेवल्या मी."

सून दारात उभी होती. ती आत गेली. कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज मी बाहेरून ऐकला. ती आली ते पातळ हातात घेऊन, म्हातारीच्या समोर बसली आणि बाटली पातळातून सोडवून जमिनीवर ठेवली.

"आत्याबाई, त्या बाटल्या फेकून द्या. चारही. पोरीला त्यातलं काही देऊ नका," ती म्हणाली. "ह्यांनी हे तेल खाल्लं होतं त्या दिवशी. आम्ही दोघींनी नव्हतं खाल्लं. डॉक्टरनं जे औषध सांगितलं ते ह्याच्यातलं."

म्हातारीला पहिल्यांदा कळलं नाही. मग तिने मुलीला मांडीवरून उतरवलं. बाटली उचलली, झाकण उघडायचा प्रयत्न केला, उघडेना. सुनेने उघडून दिलं. म्हातारीने ती नाकाशी धरली.

"जवसाचाच वास हाय," ती म्हणाली. "घासली होती मी. राखेनं घासली होती."

"हो, आत्याबाई."

"ऊन पान्यानं धुतली."

"हो."

मोठा भाऊ पुढे आला. "मायवर घालून राहिली का आता तू? टीव्ही पाहून पाहून शिकल्या सगळ्या."

म्हातारीने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. "चूप राय," ती म्हणाली. "बाटली कोनं आनून देल्ली मले? तूच म्हनला ना, माय, हिचं झाकन घट्ट हाय."

तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला, रिक्षावाल्याकडे पाठ करून. रिक्षावाला विचारत होता, यायचं की नाही. शेवटी रिक्षा रिकामीच गेली.

बाटली तुमचे आजोबा स्वतः ठाण्यात घेऊन गेले. तिची तपासणी झाली आणि कागदावर अपघात लिहिला गेला. कॉलनीत मात्र कुणी तो कागद मागायला आलं नाही. मी ज्याला त्याला सांगितलं, समजावून, सगळं क्रमाने. समोरच्या काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "धुतलेल्या बाटलीनं कुठं माणूस मरते, बाई? तुम्ही पुस्तकातलं सांगून राहिल्या." शेजारणीकडचं हळदीकुंकू तर संपलंच होतं, पण साखरेची वाटी मागायलाही कोणी गेलं नाही. तिला बँकेने शिपायाच्या जागेवर घेतलं, पुढे परीक्षा देऊन ती वर गेली. मुलगी तिच्यापाशीच राहिली. गुरुवारी नवी मालिका लागायची, ती माझ्या हॉलमध्ये परत कधी आली नाही, आणि मीही बोलावलं नाही. कुंपणावरून बोलायचो आम्ही.

म्हातारी त्यानंतरही वर्षातून एक-दोनदा यायची. तेल आणत नसे. काकवी नाही, तूप नाही, काही शिजवलेलं, भरलेलं नाही. सून वाढेल ते खायची. गावी तिने स्वयंपाक सोडला होता, मोठी सून करायची, ही चुलीकडे फिरकायचीही नाही. फक्त संत्री आणायची, झाडावरून तोडलेली, सालासकट.

एका दुपारी मी कुंपणाशी उभी होते. मुलगी पायरीवर बसून अभ्यास करत होती. तिने संत्रं आजीपुढे केलं.

"आजी, सोलून दे ना."

म्हातारीने हात मागे घेतले, पदराखाली.

"तूच सोल वं," ती म्हणाली. "मी पाहतो."